दोनशे किलो, तीन किलो आणि पी-००८७ : यावलच्या रस्त्यावरून इंधनाच्या दाबाचा इतिहास



पेट किंवा नेटची तयारी करताना 'मोजमाप वैध आणि विश्वसनीय असावं' हे वाक्य तुम्ही पाठ केलेलं असतं. परीक्षेत त्याचे गुणही मिळतात. पण हातात प्रत्यक्ष आकडा आला, की तो कुणी, कुठे आणि कशाच्या तुलनेत मोजला हे विचारायची सवय त्या वाक्यातून लागत नाही. म्हणून आज एकच आकडा घेऊन बसू या: गाडीतल्या इंधनाचा दाब. विषय मेकॅनिकचा वाटेल, पण मी तो इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या नजरेनं मांडणार आहे.

जागा घेऊ यावलची. सातपुड्याचा पायथा, तापीचं खोरं, केळीचा पट्टा. बऱ्हाणपूरहून अंकलेश्वरकडे जाणारा रस्ता रावेर, सावदा, फैजपूर करत यावलमधून चोपड्याकडे निघतो. यावल गावात रेल्वे नाही. त्यामुळे इथली केळी शेतातून निघते ती चाकांवर: आधी ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा पिकअप, मग ट्रक. कापलेला घड कुणासाठी थांबत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना भरलेली गाडी रस्त्यात बंद पडली, तर नुकसान तासांत मोजावं लागतं. त्यामुळे 'गाडी का बंद पडली' याचं उत्तर किती लवकर आणि किती बरोबर मिळतं, याला इथे पैशाचं वजन आहे.

याच रस्त्यावर एका वेळी तीन वाहनं उभी असलेली सहज दिसतात. पहिला, यांत्रिक डिझेल पंपाचा ट्रॅक्टर. दुसरी, बीएस-६ मोटरसायकल. तिसरी, कॉमन रेल डिझेल इंजिनाची पिकअप. तिन्हींत इंधन दाबानंच फवारलं जातं, पण 'दाब' या शब्दाचा अर्थ तिन्हींत वेगळा आहे. हाच फरक आपला आजचा धडा.

पहिला आकडा : दोनशे किलो

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला नीट चाललं. त्यात इंधन सिलिंडरमध्ये ढकलायला दाबलेली हवा वापरत. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे. कारखान्यात किंवा जहाजावर ते चालून जाई, ट्रकवर एवढं धूड बसवणं अवघड. हा अडथळा दूर झाला तो हवेशिवाय, थेट पंपानं इंधन दाबून फवारण्याच्या पद्धतीमुळे. रॉबर्ट बॉशच्या कंपनीनं १९२२ मध्ये यावर काम हाती घेतलं आणि १९२७ मध्ये डिझेल इंजेक्शन पंपाचं नियमित उत्पादन सुरू केलं. ट्रक आणि ट्रॅक्टरसाठी डिझेल इंजिन सोयीचं झालं, त्यामागे हा पंप आहे.

आपल्याकडे पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये उभी राहिली. १९५१ मध्ये बंगळूरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे 'मायको', सुरू झाली आणि बॉशचे पंप व नोझल देशात बनू लागले. पुढे १९७० च्या सुमारास मायकोचा कारखाना नाशिकला आला. तिथे नोझल आणि इंजेक्टर तयार होऊ लागले. २००८ मध्ये कंपनीचं नाव 'बॉश लिमिटेड' झालं, तरी जुन्या मेकॅनिकच्या तोंडी 'मायको'च आहे. उत्तर महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमधला हा बारीकसा भाग उत्तर महाराष्ट्रातच बनत होता, हे ध्यानात ठेवा.

आता यंत्रणा पाहू. पंपातला दट्ट्या कॅमनं वर ढकलला जातो. तो डिझेल बारीक पोलादी पाइपमधून इंजेक्टरकडे रेटतो. इंजेक्टरमध्ये एक सुई स्प्रिंगनं दाबून धरलेली असते. डिझेलचा दाब स्प्रिंगला भारी पडला की सुई उचलते आणि फवारा उडतो. ही सुई कोणत्या दाबाला उचलावी, ते स्प्रिंगखाली पातळ चकत्या घालून किंवा स्क्रू फिरवून ठरवतात. थेट इंजेक्शनच्या अनेक इंजिनांत हा आकडा दोनशेच्या आसपास असतो. मेकॅनिक म्हणतो, "दोनशे किलोवर सेट केलं." किलो म्हणजे किलो प्रति चौरस सेंटीमीटर.

हे मोजायचं साधन म्हणजे नोझल टेस्टर: एक हातपंप, वर घड्याळासारखा गेज. इंजेक्टर त्यावर बसवायचा, दांडा मारायचा आणि चार गोष्टी पाहायच्या. सुई कितीला उचलली? फवारा सगळ्या छिद्रांतून सारखा आला का? फवारा थांबल्यावर टोकाला थेंब लोंबतो का? आणि आवाज कसा आला? चांगला नोझल कुरकुरतो, घासलेला नुसताच पिचकारी मारतो. म्हणजे निदानात गेज एक चतुर्थांश. बाकी काम डोळ्याचं आणि कानाचं.

आणि इथे पहिली मेख आहे. दोनशे किलो हा सुई उचलण्याचा दाब. इंजिन चालू असताना पाइपमधला दाब प्रत्येक फवाऱ्याला चढतो, दोनशेच्या बराच वर जातो आणि पुन्हा पडतो. शिवाय इंजिनाचे फेरे वाढले की दट्ट्या जोरात मारतो, म्हणून दाबही वाढतो. टेबलावरच्या टेस्टरवर यातलं काहीच दिसत नाही.

तुमच्यापैकी जे अभियांत्रिकीकडून आलेत त्यांनी किर्लोस्करचं 'टीव्ही-१' इंजिन प्रयोगशाळेत पाहिलं असेल: एक सिलिंडर, साधारण ५.२ किलोवॉट, १५०० फेरे. जैवडिझेलवरच्या कितीतरी भारतीय शोधनिबंधांत हेच इंजिन असतं, आणि तक्त्यात 'इंजेक्शन दाब : २०० बार' असं लिहिलेलं असतं. तो बहुतेक वेळा सुई उचलण्याचा दाब असतो. वाचणारा मात्र समजतो, की इंधन २०० बारनं फवारलं गेलं. दोन निबंधांतले निष्कर्ष जुळत नसतील, तर भांडण्याआधी हा रकाना कुणी कसा भरला ते पाहा.

दुसरा आकडा : तीन किलो

पेट्रोलच्या गाडीत अनेक दशकं कार्ब्युरेटर होता. त्यात इंधन जवळजवळ हवेच्याच दाबाला एका कपात पडून असे, आणि इंजिनात ओढली जाणारी हवा ते सोबत खेचून नेई. स्वस्त, उघडून साफ करता येणारा, पण मापात ढिला.

हे ढिलं माप कधी चालेनासं झालं? कारण हवेच्या प्रदूषणाच्या कायद्यात आहे. धुरातले विषारी वायू कमी करणारा तिपदरी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायला हवा आणि पेट्रोल यांचं वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ धरावं लागतं. कार्ब्युरेटरला ते सतत जमत नाही. बॉशनं १९६७ मध्ये इलेक्ट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शन बाजारात आणलं होतं. भारतात २००० च्या आसपास, शिसंमुक्त पेट्रोल आणि 'इंडिया २०००' मानकांबरोबर, मोटारींत ते रूढ झालं. 'एमपीएफआय' हे चार अक्षरांचं बिरूद गाडीच्या मागे मिरवलं जायचं, आठवतंय? दुचाकीत २००६ मध्ये हिरो होंडाची ग्लॅमर एफआय आली, पण ती अपवादच राहिली. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं आणि नव्या मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. गल्लीतल्या मेकॅनिकचं रोजचं एक काम त्या तारखेपासून नव्या गाड्यांपुरतं संपलं.

या गाड्यांत टाकीतला विजेचा पंप पेट्रोल साधारण तीन बारनं पाठवतो. संगणक इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा एवढंच ठरवतो. किती पेट्रोल गेलं हे तो मोजत नाही, दाब ठरलेला आहे असं धरून हिशेब करतो. दाब पडला तर हिशेब चुकतो. किती? छिद्रातून जाणारा प्रवाह दाबातल्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. दाब तीनवरून २.४ झाला, म्हणजे वीस टक्के घटला, तर पेट्रोल सुमारे अकरा टक्के कमी जाईल. गाडी सुरू होईल, पण चढावर ओढणार नाही.

'दाबातला फरक' हे शब्द पुन्हा वाचा. इंजेक्टरच्या एका टोकाला पेट्रोल, दुसऱ्या टोकाला इंजिनाची हवानळी, म्हणजे मॅनिफोल्ड. इंजिन मंद चालताना मॅनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते आणि ती पेट्रोल ओढते. म्हणून जुन्या रचनेत रेग्युलेटरला मॅनिफोल्डकडून एक बारीक नळी यायची. रेग्युलेटरमध्ये एक पडदा, त्यामागे स्प्रिंग. पोकळी वाढली की पडदा सरकतो, जास्त पेट्रोल टाकीत परत जातं आणि रेलमधला दाब तेवढाच उतरतो. फरक कायम राहतो. अशा गाडीला गेज लावला तर मंद चालीत अडीचच्या आसपास दिसेल आणि ती नळी काढली की तीन. दोन्ही बरोबर. यंत्रणा निरोगी असल्याची ती खूणच आहे. हे माहीत नसेल तर अडीच पाहून कुणीतरी चांगला पंप बदलून टाकतो.

पुढे रचना बदलली. गरम इंजिनाकडून परत येणारं पेट्रोल टाकी तापवतं आणि वाफ वाढवतं, म्हणून परतीची नळी काढून रेग्युलेटर टाकीतच बसवला. आता गेजवर आकडा स्थिर दिसतो आणि मॅनिफोल्डच्या बदलाचा हिशेब संगणक करतो. आकडा तोच, अर्थ बदलला. जुन्या गाडीत तो 'फरक' होता, नव्यात तो बाहेरच्या हवेच्या तुलनेतला दाब आहे.

निदानाची पद्धत मात्र एक तर्कशिस्त म्हणून शिकण्यासारखी आहे. दाब कमी असेल तर कारणं तीन खोल्यांत वाटा: पुरवठा कमी (फिल्टर चोंदला, पंप थकला, पंपाला वीज कमी), नियंत्रण ढिलं (रेग्युलेटर), किंवा गळती (इंजेक्टर ठिबकतो). मग प्रत्येक खोली वेगळी करणारी चाचणी करा. परतीच्या नळीची जुनी गाडी असेल तर ती नळी क्षणभर चिमटल्यावर दाब झटकन चढतो का? चढला तर पंपात दम आहे, संशय रेग्युलेटरवर. इंजिन बंद केल्यावर दाब टिकतो का? लगेच पडला तर कुठेतरी गळती आहे. रेग्युलेटरच्या पोकळीच्या नळीत पेट्रोलचा वास आला तर पडदा फाटला. गृहीतक आणि ते पाडू शकणारी चाचणी, हे संशोधन पद्धतीचं प्रकरण इथे नळीच्या चिमट्यात आहे.

एक गंमत सांगतो. होंडाच्या अनेक मॅन्युअलमध्ये हा दाब २९४ किलोपास्कल असा छापलेला असतो. इतका काटेकोर आकडा कुठून आला? एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर म्हणजे ९८ किलोपास्कल. तीन किलो म्हणजे २९४. जुन्या एककातला गोल आकडा नव्या एककात भाषांतरित झाला आणि उगाच सूक्ष्म दिसू लागला. गॅझेटियरमधले एकरांचे हेक्टर झालेले तक्ते वाचताना हे आठवा.

तिसरा आकडा : पी-००८७

यांत्रिक डिझेल पंपाची अडचण आपण पाहिली: दाब इंजिनाच्या फेऱ्यांना बांधलेला. कॉमन रेलनं ही गाठ सोडली. एक पंप दाब तयार करून जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, साठवून ठेवतो. इंजेक्टर संगणकाच्या हुकमानं उघडतात. जपानच्या डेन्सोनं १९९५ मध्ये ट्रकसाठी आणि १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मोटारीत बॉशनं ही पद्धत बाजारात आणली. पहिल्या पिढीचा कमाल दाब सुमारे १३५० बार होता. पुढे तो १६०० आणि मग २००० च्याही वर गेला. भारतात २००० च्या दशकात ती मोटारी आणि एसयूव्हीत आली. नाशिकला बनणाऱ्या महिंद्रा स्कॉर्पिओनंही त्याच दशकात ती घेतली. बीएस-४ (देशभर २०१७) आणि बीएस-६ नंतर मालवाहू गाड्याही त्याच वाटेनं गेल्या.

इथे दाब मोजायला बाहेरून गेज लावत नाहीत. रेलवरच सेन्सर आहे. स्कॅनर जोडला की दोन आकडे दिसतात: संगणकाला हवा असलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब. मंद चालीत साधारण अडीचशे-तीनशे बार. स्टार्टर मारताना दाब ठरावीक पातळीला, बऱ्याच गाड्यांत दीड-दोनशे बारला, पोचला नाही तर संगणक इंजेक्टर उघडतच नाही. प्रत्यक्ष दाब मागणीपेक्षा फार कमी राहिला की 'पी-००८७' हा संकेत नोंदला जातो: रेलचा दाब कमी.

दुसरी मेख इथे. संकेत लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. 'दाब कमी' म्हणजे पुन्हा त्याच तीन खोल्या. फिल्टर चोंदला असेल, टाकीकडच्या नळीतून एअर घेतली असेल, मीटरिंग व्हॉल्व्ह अडकला असेल, मोठा पंप झिजला असेल, किंवा एखादा इंजेक्टर जास्त डिझेल परतीला सोडत असेल. आणि चौथी शक्यता: सगळं ठीक आहे, सेन्सरच खोटं बोलतोय. रात्रभर उभ्या गाडीची नुसती चावी फिरवली तर प्रत्यक्ष दाब शून्याजवळ दिसायला हवा. न दिसला तर आधी साक्षीदारालाच तपासा.

इंजेक्टरची गळती शोधायला वापरतात ती युक्ती अगदी साधी आहे. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या तोंडाला एक-एक पारदर्शक बाटली लावायची, इंजिन थोडा वेळ चालवायचं आणि कुठली बाटली जास्त भरली ते पाहायचं. चार बाटल्यांची तुलना. एवढ्या महाग यंत्रणेचं निर्णायक निदान नळी आणि बाटलीनं होतं. ही पायरी गाळून थेट पंप बदलला, तर गाडीमालकाचा केळीच्या एका हंगामाचा नफा जाऊ शकतो आणि दोष तिथेच राहतो.

एक जुनी सवय मात्र इथे जिवावर बेतते. यांत्रिक पंपाच्या इंजिनात कुठला सिलिंडर मेला ते पाहायला मेकॅनिक चालू इंजिनावर एकेका इंजेक्टर पाइपचा नट ढिला करायचा. आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करतोय, नाही बदलला तर दोष तिथे. कॉमन रेलमध्ये पाइपात शेकडो बार सतत असतात. तिथे नट ढिला केला तर निघणारी बारीक धार कातडी भेदून आत शिरते आणि बोट किंवा हात कापावा लागू शकतो. पिढ्यान्‌पिढ्या बरोबर ठरलेलं ज्ञान यंत्र बदलताच घातक झालं. 'पारंपरिक ज्ञान विरुद्ध आधुनिक ज्ञान' अशी सोपी मांडणी करणाऱ्यांनी हे उदाहरण विचारात घ्यावं: बाटलीची युक्ती टिकली, नटाची गेली, आणि दोन्ही एकाच हातातली होती.

मग इतिहास कुठे आहे?

या तीन आकड्यांची साधी गोष्ट सांगायची तर 'यांत्रिक गेलं, इलेक्ट्रॉनिक आलं' अशी सांगता येते. पण यावलचा रस्ता ती खोटी पाडतो. ट्रॅक्टरची कडक 'ट्रेम-४' मानकं जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना लागू झाली. त्याखालच्या ट्रॅक्टरांत यांत्रिक पंप अजून मोठ्या प्रमाणावर आहे. म्हणजे दोनशे किलो, तीन किलो आणि पी-००८७ एकाच दिवशी एकाच गॅरेजात येतात. डेव्हिड एजर्टन या इतिहासकारानं हाच मुद्दा जगाच्या पातळीवर मांडला आहे: तंत्रज्ञानाचा इतिहास शोधाच्या तारखांवरून लिहिला तर वापराचा इतिहास दिसत नाही.

दुसरं, मोजणीची जागा सरकली. टेस्टर दुकानातल्या टेबलावर होता, गेज गाडीला तात्पुरता लागत होता, सेन्सर गाडीच्या पोटात कायमचा बसला. तो जे सांगतो ते वाचायला स्कॅनर आणि कंपनीची माहिती लागते. तालुक्याच्या गावातल्या स्वतंत्र मेकॅनिकला ती किती मिळते, यावर त्याचं दुकान टिकतं आणि गिऱ्हाइकाला जळगावपर्यंत गाडी ओढत न्यावी लागते का ते ठरतं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं 'दुरुस्तीचा हक्क' पोर्टल सुरू केलं. त्यात मोटारी आणि शेती अवजारं दोन्ही आहेत. एका बारीक सेन्सरमागे हा सगळा प्रश्न उभा आहे.

तिसरं, साधनांचं. १८८० चा खानदेश गॅझेटियर यावलचा हातकागद आणि नीळ यांची दखल घेतो, कारण त्यात प्रशासनाला रस होता. नोझल-पंपाच्या दुकानाची दखल कुठल्या गॅझेटियरमध्ये सापडणार? ती सापडेल बिलबुकांत, आयटीआयच्या 'मेकॅनिक डिझेल' ट्रेडच्या अभ्यासक्रमात, कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आणि माणसांच्या बोलण्यात.

तुमचा विषय केळीच्या अर्थकारणाचा असो, आरोग्याचा असो की शिक्षणाचा, कुठलाही आकडा समोर आला की चार प्रश्न वहीत लिहा. हा कोणत्या दोन बिंदूंमधला फरक आहे? मोजताना यंत्रणा चालू होती की टेबलावर? कोणत्या एककातून तो इथे आला? आणि हे लक्षण आहे की कारण?

शेवटी एक काम. तुमच्या तालुक्यात जुनं नोझल-पंपाचं दुकान असेल तर एकदा जाऊन या. टेस्टरचा फोटो काढा, गेजवरचं एकक टिपून घ्या आणि परवानगी असेल तर चांगल्या आणि बिघडलेल्या नोझलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा. तारीख, जागा, गाडीचा प्रकार सोबत लिहा. हे दुकान बंद झालं की टेस्टर भंगारात जातो, आणि कुरकुर कशी ऐकू यायची हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये छापलेलं नाही.